खपलीखाली

'जुन्या जखमेवरची खपली कशाला काढता?' हे वाक्य आपण आयुष्यात शेकडो वेळा उच्चारतो. वाटणीचा वाद असो, मोडलेली सोयरीक असो की नोकरीत हुकलेली बढती असो. कोणी विषय काढला की खपली आलीच. या शब्दप्रयोगात भाषेने एक गोष्ट परस्पर गृहीत धरलेली आहे. खपली काढणारा ती समजून उमजून काढतो, मनात आणले तर तो थांबू शकेल, आणि थांबत नाही याचा अर्थ त्याला थांबायचेच नाही. भावकीच्या भांडणात हे खरेही असेल. पण आज ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ती माणसे खरोखरीची खपली काढतात. स्वतःच्या हातावरची, मानेवरची, चेहऱ्यावरची, डोक्यातली. रोज काढतात, काही जणांचे दिवसाचे तास-दोन तास त्यात जातात. रक्त येते, ते पुसतात, लांब बाह्यांचा सदरा घालून कामावर जातात आणि रात्री पुन्हा तेच. त्यांना थांबायचे असते. देवासमोर शपथा घेऊन झालेल्या असतात, नवस बोलून झालेले असतात. तरी हात थांबत नाही.

मी त्यांच्यापैकी एक होतो. थोडीथोडकी नव्हे, अकरा वर्षे.

या प्रकारासाठी आपल्याकडे हाताशी असलेला शब्द म्हणजे 'चाळा'. हा तसा निरुपद्रवी, थोडा लाडिकच शब्द आहे. तान्हे मूल आईच्या पदराशी चाळा करते, मास्तर खडूशी करतात, बँकेतला कारकून रबरी शिक्क्याशी करतो. चाळ्याला औषध नसते, फार तर दटावणी असते. 'हात खाली!' एवढ्या दोन शब्दांत तो सुटतो असा सार्वत्रिक समज आहे. घरातले कोणी मुरूम कोरत बसले की तेच दोन शब्द त्याच्याही वाट्याला येतात, आणि त्यांनी काम भागत नाही म्हटल्यावर बोलणाऱ्याचा आवाज चढतो. माझे म्हणणे असे की चाळा निराळा आणि हा आजार निराळा. दोहोंतला फरक ओळखता येतो, आणि ओळखला तर माणूस बरा होऊ शकतो. मात्र त्यासाठी कातडी आणि मन या दोघांकडे एकाच वेळी पाहावे लागते. आपल्याकडे दोघांचे दवाखाने वेगळे, आणि दोन्ही दवाखान्यांच्या मधल्या रस्त्यावर औषधाचे दुकान. बहुतेकांचा प्रवास त्या दुकानाशीच संपतो.

आजार नवा नाही. इरॅस्मस विल्सन या इंग्रज त्वचारोगतज्ज्ञाने १८७५ साली त्याला नाव दिले. मनाच्या अस्वस्थतेतून स्वतःच्या नखांनी केलेले ओरखडे, असा त्या नावाचा मराठीत भावार्थ सांगता येईल. पुढे १८९८ मध्ये लुई ब्रॉक या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने तरुण मुलींविषयी लिहिले. मुरूम म्हणावेत तर नावापुरते, पण ते कोरून कोरून सगळा चेहरा व्रणांनी भरलेला. म्हणजे कातडीच्या डॉक्टरांना हे पूर्वीपासून ठाऊक होते. मनाच्या डॉक्टरांच्या दप्तरात मात्र नोंद व्हायला फार वेळ लागला. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वर्गीकरणात या आजाराला स्वतंत्र जागा दिली ती २०१३ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेचे अकरावे रोगवर्गीकरण २०२२ पासून लागू झाले, त्यातही तो आहे. मंत्रचळाच्या शेजारी, स्वतःचे केस उपटण्याच्या आजाराच्या पंगतीला. नाव मिळाल्यापासून खाते उघडेपर्यंत १३८ वर्षे! आमच्या बँकेत इतकी वर्षे पडून राहिलेली नोंद सापडली असती तर तिच्यावर दावा सांगायला वारसही उरला नसता.

आता हा विषय मला सोलापूरशिवाय का मांडता येत नाही, ते सांगतो.

१९९३ च्या उन्हाळ्यात माझी बदली अक्कलकोट रोड एमआयडीसीमधल्या शाखेत झाली. ज्यांनी ही वसाहत पाहिलेली नाही त्यांनी आपल्या घरातली सोलापुरी चादर किंवा टॉवेल उलटा करून पाहावा. त्याच्या मागची दुनिया ती हीच. पत्र्याच्या शेड, यंत्रमागांचा खडखडाट, रस्त्यावर टेम्पोत चढणारे टॉवेलचे गठ्ठे, आणि रंगखात्याजवळून जाताना नाकात शिरणारा ओला, तिखट वास. मराठीइतकीच इथे तेलुगू कानावर पडते, कारण विणकर समाज पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेला. अक्कलकोटकडच्या माणसांच्या बोलण्यात कानडी असते. खाजेला मराठीत खाज, तेलुगूत 'दुरद' आणि कानडीत 'तुरिके' म्हणतात, हे मी इथेच शिकलो. तिन्ही शब्द मला महिन्याभरात येत होते. यावरून वाचकांनी काय ते समजावे.

कॅश क्रेडिटवर उचललेल्या रकमेइतका माल गोदामात आहे की नाही हे पाहायला बँकेच्या अधिकाऱ्याला कारखान्यात जावे लागते. सुताच्या गाठी मोजायच्या, रंगाचे डबे मोजायचे, तयार माल मोजायचा. माल मोजता मोजता माणसांचे हात दिसत. रंगखात्यातल्या लोकांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत हे तर उघडच आहे; पण रंगाखालची कातडी कोरड्या पडलेल्या तळ्याच्या गाळासारखी भेगाळलेली असे. कारण साधे आहे. सूत रंगवण्याआधी त्यातला मेणचटपणा निघावा म्हणून ते कॉस्टिक सोड्यात उकळतात. सोड्याला सुताचे मेण आणि माणसाच्या कातडीवरचे तेल यांतला भेद कळत नाही. तो दोन्ही काढून नेतो. पुढे पांढरेपणासाठी पेरॉक्साईड, काही रंगांसाठी 'हायड्रो', म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाईट. रिॲक्टिव्ह रंगांची पूड त्याहून फसवी. काहींच्या शरीराला तिचे वावडे तयार होते, आणि एकदा तयार झाले की मग चिमूटभर पुडीनेही अंग उठते. त्यात सोलापूरचा एप्रिल-मे. पारा पंचेचाळिशीला भिडलेला, अंगाला घामाची चिकचिक. अशा कातडीला खाज न सुटली तरच नवल.

बँकेतही हे हात यायचे. खाते उघडताना अंगठा घ्यायचा. शाईच्या पॅडवर टेकवलेला अंगठा कागदावर उमटायचा तो नुसता काळा ठिपका. रेषांचा पत्ता नाही. हल्ली शाईच्या जागी यंत्र आले, पण झिजलेल्या अंगठ्याला तेही नाही म्हणते. कातडी ही माणसाची सही असते, हे ज्याची पुसली जाते त्यालाच समजते.

एकदा एका डाईंगमध्ये मी बाह्या दुमडून रंगाचे डबे मोजत होतो. पाण्याच्या नळाशी बसलेल्या एका वयस्क रंगाऱ्याने माझ्या हातांकडे टक लावून पाहिले आणि विचारले, "सायेब, तुमी बी पयले डाईंगमंदी होता काय?"

मी नाही म्हटले.

"मग हे कशानं झालं?"

मी काही उत्तर दिले नाही. बाह्या खाली केल्या. पण त्या म्हाताऱ्याची नजर कोणत्याही तज्ज्ञाला लाज आणील अशी होती. त्याचे स्वतःचे चट्टे होते ते मनगटावर आणि बोटांच्या बेचक्यांत, म्हणजे जिथे द्रावण लागते तिथे. माझे होते डाव्या दंडावर, डाव्या हाताच्या बाहेरच्या अंगाला आणि मानेमागे. जिथे उजव्या हाताची नखे सहज पोहोचतात तिथे. त्याच्या जखमा कामाने काढलेल्या होत्या, माझ्या माझ्याच हाताने.

या दोन हातांमधला फरक थोडा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. रंगाऱ्याला आधी खाज सुटायची, मग नख लागायचे. सारखी खाजवलेली कातडी जाड होते, जाड झालेली कातडी जास्त खाजते. हे चक्र एकदा सुरू झाले की मूळचे कारण दूर झाले तरी ते आपल्या गतीने फिरत राहते. माझ्या हाताला मात्र खाज अशी नसायचीच. बोट आपोआप दंडावर फिरायचे, जणू कशाच्या तरी शोधात. कुठे काही खडबडीत लागले की तिथे थबकायचे. ते सपाट केल्याशिवाय चैन पडायची नाही. सपाट करायला जावे तर तिथे खड्डा पडायचा. दुसऱ्या दिवशी खड्ड्यावर खपली, म्हणजे पुन्हा खडबडीत, म्हणजे बोटाला पुन्हा काम. कधी हे अजाणता व्हायचे, वाचताना, फोनवर बोलताना. कधी जाणूनबुजून, आरशासमोर उभे राहून, दार लावून. त्या वीस-पंचवीस मिनिटांत डोके विलक्षण शांत असायचे. खरे सांगायचे तर या शांततेमुळेच हा आजार सुटत नाही. ती ओसरली की रक्ताचे ठिपके, आणि पोटात गोळा.

ते दिवस बँकांसाठी धामधुमीचे होते. नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर थकीत कर्जांचे नवे नियम आले होते, आणि यंत्रमागवाल्यांची खाती तर तारेवर चालत होती. तेव्हा 'ताणामुळे होते' असे म्हणून हा परिच्छेद संपवता आला असता. पण तसे ते पुरते खरे नाही. ताणात हात चालायचा तसा रविवारच्या रिकाम्या दुपारीही चालायचा. याच शाखेत, याच ताणात असलेले माझे सहकारी सुपारी खात, चिडत, ॲसिडिटीच्या गोळ्या घेत. स्वतःला ओरबाडत नसत. काहींच्या घडणीतच ही वाट असते, आणि बहुतेकांना ती वयात येताना, पहिल्या मुरुमांबरोबर सापडते. मला ती तिशीनंतर सापडली एवढेच.

सोलापुरातल्या एका त्वचारोगतज्ज्ञाकडे मी गेलो ते २००४ मध्ये. त्याआधी मलमे पुष्कळ झाली होती. या गृहस्थांनी शर्ट काढायला सांगितला, हातांकडे फारसे न पाहता पाठ पाहिली, आणि म्हणाले, "पाठीचा मधला भाग कोरा आहे. तिथे हात पोचत नाही ना?" मग त्यांनी रक्तातली साखर, थायरॉइड, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या करून घेतल्या, कारण यांपैकी काही बिघडले तरी अंगभर खाज सुटू शकते. घरात आणखी कोणाला रात्री खाजते का हे विचारले. म्हणजे खरूज नाही याची खात्री केली. एवढे झाल्यावर त्यांनी विचारले, "रोज किती वेळ जातो यात?"

अकरा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. 'का करतोस' हे सगळ्यांनी विचारले होते. 'का'ला माझ्याकडे उत्तर नव्हते. 'किती'ला होते. मी म्हटले, "दीड तास."

त्यांनी जखमांवर औषध दिले आणि एका मानसशास्त्रज्ञ बाईंचा पत्ता दिला. तिथे जाताना माझे पाय जड झाले होते. पण तिथे माझ्या बालपणाविषयी दोन-चार प्रश्नांपलीकडे काही उकरले गेले नाही. काम होते ते वहीचे. नेथन ॲझरिन आणि ग्रेगरी नन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली सवयी उलटवण्याची एक रीत मांडली. तिचा पहिला भाग म्हणजे हात कधी, कुठे, काय करत असताना उठतो याची जाण येणे. बँकेतल्या माणसाला याहून सोपे काय? मी रोजकीर्द घातली. तारीख, वेळ, जागा, आधी काय चालले होते, किती मिनिटे, नंतर कसे वाटले. तीन आठवड्यांत ताळेबंद समोर आला. निम्म्याहून अधिक वेळ दोनच ठिकाणी जात होता. एक, संध्याकाळी सात ते आठ, शाखेत एकटा बसून स्टॉकची विवरणपत्रे तपासताना. दुसरे, रात्री न्हाणीघरातल्या आरशासमोर, डोक्यावर साठ वॅटचा दिवा असताना.

दुसरा भाग असा की हात उठतोय हे ध्यानात आल्याबरोबर त्याला असे काही काम द्यायचे, जे करताना कोरता येणारच नाही. मूठ घट्ट मिटून मिनिटभर धरायची. किंवा हातात काही घ्यायचे. मी सुताची एक लहान लड टेबलाच्या खणात ठेवली होती, ती बोटांना गुंडाळत बसायचो. सोलापुरात सुताला तोटा नाही. सोबत वाटेत अडथळे उभे करायचे. न्हाणीघरातला दिवा बदलून मंद केला, आरसा छातीपासून वर टांगला, नखे दर तीन दिवसांनी कापली, विवरणपत्रे दिवसाउजेडी माणसांत बसून तपासायला लागलो. तिसरा भाग घरच्या एका माणसाची मदत. ती कशी करायची याचेही एक शास्त्र आहे. त्याकडे शेवटी येतो.

दीड तासाचा अर्धा तास व्हायला चार महिने लागले. अर्ध्या तासाची पाच मिनिटे व्हायला दीड वर्ष. मधे दोनदा सगळे मूळपदावर आले, दोन्ही वेळा मार्चअखेरीला. बाईंनी आधीच सांगून ठेवले होते की असे होईल, आणि झाले की वही फेकायची नाही. त्याच पानावर पुढची तारीख घालायची.

आता कातडीविषयी. आपला एक जुना समज असा की जखम उघडी ठेवावी, वारा लागू द्यावा, कडक खपली धरू द्यावी. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवले की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने चढते. कारण कडक खपलीखालून नव्या पेशींना वाट काढत सरकावे लागते, ओलसर जागी त्या सरळ पसरतात. आमच्यासारख्यांना याचा दुहेरी फायदा. स्वच्छ पाण्याने धुऊन, साधी पेट्रोलियम जेली लावून वर पट्टी ठेवली की कडक खपली धरतच नाही, आणि बोटाला सापडायला काही उरत नाही. जखम भरल्यावरही डाग राहतात. आपल्या सावळ्या कातडीत ते महिनोन्‌महिने राहतात, ऊन लागले की गडद होतात. पण डाग म्हणजे जखम नव्हे. तो पुसट होतो. खोल गेलेले व्रण मात्र राहतात, आणि भरलेली कातडी मूळच्या कातडीच्या साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंतच मजबूत होते. माझ्या डाव्या दंडावर असे सात आहेत. मी अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालतो. लिंबू, टूथपेस्ट, चुना असले उपाय उघड्या जखमेवर करणाऱ्यांना एवढेच सांगेन की कॉस्टिक सोडाही असाच काम करतो, फक्त जरा लवकर. पू धरला, लाली पसरू लागली, ताप आला, तर मात्र घरी थांबू नये. मधुमेह असेल तर मुळीच नाही.

औषधांचेही सांगायला हवे. मंत्रचळावर दिली जाणारी काही औषधे इथेही मनोविकारतज्ज्ञ देतात. एन-ॲसिटिलसिस्टीन नावाच्या औषधाचा अमेरिकेत ६६ प्रौढ रुग्णांवर १२ आठवडे अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते आशादायक होते. हे मी मुद्दाम लिहितो, पण कोणी हा लेख कापून औषधाच्या दुकानात नेऊ नये.

कारण दुकानाचा अनुभव पुरे झाला आहे. वसाहतीतल्या कोणत्याही टपरीवर विचारा, खाजेला काय लावता? उत्तर एकच मिळेल, 'ट्यूब.' या ट्यूबमध्ये अनेकदा तीव्र स्टेरॉईड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक असे तिन्ही एकत्र असते. पहिल्या दोन दिवसांत चमत्कार होतो, खाज जाते, लाली जाते. आठवड्यांनंतर कातडी कागदासारखी पातळ होते आणि घामाने आलेला नायटा आतल्या आत पसरून हट्टी बनतो. पातळ कातडी नखाला लवकर फाटते, हे आमच्या दृष्टीने आणखी एक. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी चौदा स्टेरॉईड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशी अधिसूचना काढली. अधिसूचना आहे, ट्यूबही आहे. बारा तासांची पाळी करणारा माणूस डॉक्टरकडे जाण्यासाठी अर्धा दिवसाची मजुरी बुडवणार नाही, हे दुकानदाराला पक्के ठाऊक असते.

म्हणून कारखानदारांशीही बोलायला हवे. त्यांच्यातल्या अनेकांशी माझे चांगले संबंध होते, ते रागावणार नाहीत. रसायनांच्या संपर्काने होणारा त्वचारोग कारखाने कायद्याने सरकारला कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत घातला होता. कागदावर ही गोष्ट जुनी आहे. प्रत्यक्षात लागते काय? कोपरापर्यंत येणारे रबरी मोजे, फाटले की लगेच नवे. आत घालायला सुती मोजे, नाहीतर घामानेच कातडी कुजते. रंगाची पूड उघड्यावर न उधळता झाकणाच्या भांड्यात कालवणे. रंगखात्याजवळ गोड्या पाण्याचा नळ आणि सौम्य साबण. कारण हाताचा रंग जावा म्हणून आजही काही ठिकाणी ब्लीचिंग पावडरने हात धुतात. पाळी संपल्यावर लावायला एक डबा जेली. यातले काहीही टॉवेलच्या किमतीत दिसणारसुद्धा नाही. ज्या रंगाऱ्याने मला तो प्रश्न विचारला, त्याला पुढे मोजे मिळाले आणि मालकाने त्याला घडी-पॅकिंगवर घेतले. नवे चट्टे थांबले. रात्री झोपेत हात मनगटाकडे जायचा तो मात्र वर्षभर जातच राहिला. त्याची बायको त्याच्या हातांना जुन्या चादरीचे फडके गुंडाळून ठेवायची. कारण दूर केले की काम संपते असे नाही, एवढ्यासाठी हे सांगितले.

बायकांचा विषय वेगळा आणि अधिक कठीण आहे. उपचाराला येणाऱ्यांत त्यांची संख्या जास्त असते, आणि चेहऱ्यावरचा डाग पुरुषाच्या बाबतीत डाग असतो, मुलीच्या बाबतीत तो स्थळाचा प्रश्न होतो. कांडी भरणारी, टॉवेलला शिवण घालणारी, विडी वळणारी वीस वर्षांची मुलगी तोंडाला ओढणी गुंडाळून कामावर येते तेव्हा उन्हासाठीच येते असे समजू नये. आई दटावते, आत्या विचारते, 'हे काय लागण झालं का?' त्यात महारोगाची शंका कुजबुजीत येते. त्या रात्री तिचा आरशासमोरचा वेळ वाढतो. ज्या गोष्टीची लाज वाटते तीच गोष्ट लाज वाटली की वाढते, असा हा विलक्षण आजार आहे. आणि आपला सगळा घरगुती उपाय लाजवण्यावर उभा आहे.

कोणाकडे जायचे, हा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड नाही. त्वचाविभाग आणि मनोविकार विभाग सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत असतात. सोलापुरातही असे रुग्णालय आहे. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवायचा, पैसे पडत नाहीत, नाव सांगावे लागत नाही, आणि मराठीप्रमाणे तेलुगूत आणि कानडीतही बोलता येते. या वसाहतीसाठी हे शेवटचे महत्त्वाचे. फोनवर काय बोलावे सुचत नसेल तर त्या त्वचारोगतज्ज्ञांचाच प्रश्न उलटा करून सांगावा: माझा रोज इतका वेळ यात जातो, मी इतक्यांदा थांबवायचा प्रयत्न केला, थांबत नाही. चाळा आणि आजार यांतला फरक या तीन वाक्यांतच आहे, आणि ऐकणाऱ्याला तो कळतो.

आता घरच्या मदतीचे राहिले. मानसशास्त्रज्ञ बाईंनी माझ्या पत्नीला एकदा सोबत बोलावले होते. तोवर ती जे करत होती तेच कोणीही केले असते. हात दंडाकडे गेला की, "अहो, हात!" पाहुण्यांसमोरसुद्धा. बाईंनी तिला तीन गोष्टी सांगितल्या. हात दिसला तर 'हात' म्हणायचे नाही. जखमा मोजायच्या नाहीत. आणि ज्या दिवशी काही झाले नाही त्या दिवशी ते पाहिल्याचे सांगायचे, पण समारंभ करायचा नाही. तिने चौथी गोष्ट स्वतःच शोधली. संध्याकाळी मी वाचत बसलो आणि बोट फिरू लागले की ती काही न बोलता भाजीची जुडी आणि ताट माझ्यापुढे सरकवते. मेथी असली तर उत्तम. तिला दोन्ही हात लागतात, नखे लागतात आणि वेळही बराच लागतो.